डोयानं पाह्यलं वाहिदनं

समीक्षा पोरी, लिही वं, आजी सांगते तसंच लिही. शायेतल्या बाईसारखं सुदरवू नोको.

वाहिदभाईले तू भाजीचा ॲटोवाला म्हणून ओयखतं. सकायी माह्या पाट्या बजारात नेऊन टाकते, सांजच्याले आणून देते, अन् तोंडातून हूं का चूं नाही. तुले वाटत असन, हा माणूस जन्माचाच मुका हाय. मुका कायचा वं! अख्खा दारव्हा तालुका त्याच्या आवाजावर हाले.

त्याचा बाप बांगड्या विके. डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरे, अन् हा लहानसा वाहिद मांगून ओरडत जाये, "बांगड्याऽऽ, हिरव्या बांगड्याऽऽ!" तिथंच त्याचा गया तयार झाला. बापाच्या मांगं पेटी नाही उचलली त्यानं, ॲटो घेतला, ॲटोवर दोन भोंगे बांधले, अन् दवंडी द्याचा धंदा सुरू केला. नळ कोणत्या आळीत कधी येते, कापडाचा सेल कुठं लागला, कोणाची गाय हरवली, कोण गेलं, माती किती वाजता निघन, सारं वाहिदच सांगे. आवाज कसा, तं ताकाच्या डेऱ्यात रई फिरल्यावानी. जाडा, पण कानाले टोचे नाही.

पण आवाज तं लोकाइले असतेच. वाहिदभाईची एक रीत होती, ती दुसऱ्या कोणापाशी नव्हती. दवंडी संपली का तो शेवटी एक वाक्य बोले. दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट असली तं म्हणे, "सांगणं फलाण्याचं, आवाज वाहिदचाऽ." अन् सोता जाऊन पाह्यली असली तं म्हणे, "डोयानं पाह्यलं वाहिदनंऽ." बस. आमी बाया हातातली भाकर तव्यावर तशीच ठेवून शेवटाकडं कान लावो. पाह्यलं म्हणलं का मंग इचारा-बिचाराचं कामच नाही.

एक डाव आमचे शेजारी वामनराव त्याच्याकडं पयत गेले. म्हणे, "म्हैस गेली माही! दे दवंडी!" वाहिद म्हणे, "पह्यले खुटा दाखवा." वामनराव तणतणले, "म्हैस हरवली अन् याले खुटा पाह्याचा हाय!" पण वाहिद गेला. खुटा रिकामाच होता. मंग मांगच्या आंगानं फिरून पाह्यलं, तं म्हैस आमच्या कडब्यात मान घालून उभी. वाहिद म्हणते, "काकाजी, म्हैस नाही हरवली, तुमचा चष्मा हरवला. त्याची दवंडी देऊ काय?"

फुलचंद सेठचं आणखीन मजेचं. त्यानं नवीन तेलाचं दुकान टाकलं. म्हणे, "वाहिद, सांग का तेल अस्सल हाय, डोयानं पाह्यलं."

"मंग घाणा दाखवा सेठ."

"घाणा तं अकोल्याले हाय."

"मंग सांगणं फुलचंद सेठचं, आवाज वाहिदचा."

सेठ भडकला. "पैसे मी पुरे देऊ, अन् साक्ष तू अर्धी देशीन?" पण वाहिद हालला नाही. अन् गिऱ्हाइकं दुकानात जाऊन डबा उघडाच्या आंधी हसत इचारत, "काहून सेठ, वाहिदनं नाही पाह्यलं वाट्टे?"

मयतीचे तो पैसे घेये नाही. अन् मेलेल्याच्या दारात जाऊन दोन घडी उभा राह्यल्याबिगर ॲटोले किक मारे नाही. हुस्नाबी, त्याची बायको, चिडे. म्हणे, "लोगां मर गये, ये भी तुमको जाके देखना पडता क्या?" तो म्हणे, "हौ, देखना पडता."

लिहिलं? आता पतसंस्थेचं लिही. नाव नोको टाकू, जिच्यात बुडलं तिले नाव माईतच हाय.

आमी बजारात बसणाऱ्या साऱ्या बाया तिच्यात पैसा टाको. सांजच्याले त्याइचा माणूस येये, आमच्या पाट्यापाट्यावर फिरे, दहा दे वीस दे, जे असन ते नेये. बॅंकेत जाले आमाले भेव लागे, हा तं घरच्यासारखा पाटीपाशी बसे. हुस्नाबीनं आपल्या पोरीच्या, उमेराच्या, नर्सच्या शिक्षणाचा पैसा तिथंच ठेवला होता. माहे होते ते तुह्या आजोबालेही माईत नव्हते अन् तुह्या बापालेही नाही. अशा पैशाचं कसं असते बाई, तो बुडला तं रडताही येत नाही. रडावं तं घरचे इचारतीन, काहून रडून राह्यली?

एक दिवस शटर खाली पडलं, ते पडलंच. मोठमोठ्याइनं कर्ज उचललं अन् हात वर केले. आमचंच नाही, आडत्याइचाही पैसा तिच्यातच अडकला. कापूस मोजून घेतला का म्हणे, पैसे पुढच्या बजारी. पुढच्या बजारी म्हणे, त्याच्या पुढच्या. शेतकऱ्याच्या हातात नाही, तं तो भाजी कायची घेईन? बजारात माणूस होता, पण खिसा नव्हता. लोक येत, वांग्याले हात लावत, भाव इचारत अन् हात झटकून जात. माही पाटी जशी जाये तशीच घरी येये. तुमी पोट्टे म्हणा, "आजी, आजबी वांगे?" मी काय सांगू तुमाले?

तवाच नगरपालिकेची निवडणूक लागली, अन् इंद्रजितभाऊ उभा झाला. पुण्यात शिकून आलता. बाकीचे उमेदवार येत, हात जोडत, फोटो काढत, जात. हा माह्या बाजूले बारदान्यावर मांडी घालून बसला. शेंग सोलता सोलता म्हणते, "इंदुताई, तुमचा पैसा बुडला नाही, निजला हाय. त्याले उठवाचं हाय."

मी म्हणलं, "भाऊ, निजलेल्याले उठवता येते. सोंग घेतलेल्याले कसं उठवशीन?"

हसला तो. मंग त्यानं सारं समजवून सांगतलं, अन् मले, आंगठेबहाद्दर बाईले, ते समजलं. म्हणे, गावाच्या बाहीर ते जुनं कापसाचं जीन बंद पडलं हाय ना, ते चालू कराचं. पतसंस्थेतली आपली ठेव काढून मांगाची नाही, जिनाच्या भागात लावाची. म्हंजे ज्याची ठेव तो जिनाचा मालक. कापूस इथंच पिंजाचा, सरकी इथंच काढाची, तेल इथंच, ढेप इथंच. बायाइले तिथंच काम. आपला कापूस बाहीर जाते, अन् त्याच्या मांगं पैसाही जाते. पैसा तालुक्यातच फिरला पाह्यजे, म्हणे.

मले पटलं वं. आताही पटते. पाटातलं पाणी आपल्याच वावरात फिरलं तं पीक येते, हे कोणाले नाही समजत? त्या प्लॅनमधी खोट नव्हती, म्हणूनच तं आमी फसलो.

पण लोक शहाणे झाले होते. म्हणत, "बोलते गोड, पण जीन चालू कुठं हाय? उंदरं फिरतेत तिथं." अन् तिकडून सरकारी माणूस सांगे का ठेवीदाराइनं आपापला अर्ज करा, संस्थेची जायदाद इकून थोडंबहुत भेटन. अर्धे लोक अर्ज कराच्या तयारीत होते. तवा इंद्रजितभाऊ वाहिदकडं आला. मी तिथंच होती, वाहिदचा ॲटो माह्या पाटीपाशीच उभा राहे.

"वाहिदभाई, प्रचाराचं काम तुमचंच. फक्त शेवटी ते तुमचं वाक्य पाह्यजे."

"कोणतं?"

"डोयानं पाह्यलं."

वाहिदनं मान हालवली. "सांगणं इंद्रजितभाऊचं, आवाज वाहिदचा. एवढंच होइन, भाऊ. जीन म्या पाह्यलं नाही."

"मंग चाला, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी आमाले घेऊन गेला. वाहिद, हुस्नाबी, मी, अन् बजारातल्या आणखीन बाया. जिनाचं फाटक रंगवेल. आतमधी झाडलं होतं. अन् खरंच बाई, मशीन चालू होती! पट्टा फिरून राह्यला होता, इकडून कापूस टाकला का तिकडून रुई उडून राह्यली होती पांढरीफट. म्या ओंजयीत घेतली. कोमट होती, ताज्या दुधावानी. हुस्नाबी तं रडलीच. म्हणे, "उमेरा का नर्स का हो जाता अब." वाहिद मशीनच्या चहूकडून फिरला. पट्ट्याजवय हात नेऊन पाह्यला. मंग थांबला, मान वाकडी करून आयकलं. म्हणे, "भाऊ, भितीच्या मांगून काय ठकठक येऊन राह्यलं?"

"लाइन गेली हाय, म्हणून जनरेटर लावला."

लाइन तं आपल्या इथं जातेच. कोणाले त्याच्यात काही वाटलं नाही. वाहिदलेही नाही.

अन् त्या सांजच्याले त्यानं दवंडी देली. जीन चालू झालं, ठेव जिनात लावा, ज्याची ठेव तो मालक. अन् शेवटी, "डोयानं पाह्यलं वाहिदनंऽ." शाम म्हणून इंद्रजितभाऊचा एक माणूस होता, त्यानं ते मोबाइलमधी भरून घेतलं. मंग चार ॲटोत तोच आवाज लावून देला. वाहिद बजारात माह्यापाशी चहा पेये, अन् त्याचा आवाज तिकडं गावाच्या दुसऱ्या टोकाले फिरे. मी म्हणो, "वाहिदभाई, तुमी तं देव झाले, चहूकडं हाय." तो लाजे.

लोक तुटून पडले. आंगठे लावले. ठेवीवरचा हक्क जिनाले देला म्हणून लिहून देलं. पह्यला आंगठा वाहिदचा, दुसरा हुस्नाबीचा. तिसरा माहा. अर्ज कराले कोणीच गेलं नाही. काहून जाईन? वाहिदनं पाह्यलं होतं ना.

इंद्रजितभाऊ निवडून आला. गुलाल उधळला, माह्या वांग्यावरही पडला. धुऊन इकले.

मंग आमी वाट पाह्यली. आज जीन सुरू होइन, उद्या होइन. होळी गेली. एक दिवस वाहिद अन् मी सोताच गेलो. फाटक उघडं होतं. आतमधी गॅस कटरनं मशीन कापून राह्यले होते, भंगारवाल्याच्या ट्रकात भरून राह्यले होते. ज्या पट्ट्याजवय वाहिदनं हात नेला होता तो तिथं मातीत पडला होता, मेलेल्या सापावानी. वाहिद भितीच्या मांगं गेला. मीही गेली. तिथं जमिनीवर तेलाचा काया डाग होता, जनरेटर उभा होता तिथं. लाइनच्या खांबावर तारच नव्हती. चौकीदार म्हणे, "लाइन? बाप्पा, लाइन तं दहा वर्साची कटेल हाय. त्या दिवशीचा जनरेटर भाड्याचा होता. कापूसही भाड्याचाच म्हणा."

वाहिद त्या डागापाशी खाली बसला. म्हणे, "इंदुताई, कानानं सांगतलं होतं मले. मी जनमभर आवाजाचा धंदा केला, अन् त्या दिवशी कानाचं नाही आयकलं, डोयाचं आयकलं."

आमी साऱ्या बाया इंद्रजितभाऊच्या हापिसात गेलो. आता त्याच्यापाशी बारदाना नव्हता, फिरती खुर्ची होती. म्हणे, "आर्थिक परिस्थिती बदलली. जिनाची जागा इकावी लागली. बाजार पडला तं मी काय करू?"

हुस्नाबी म्हणे, "तुम बोले थे ना, जीन चालू हुआ!"

तो कसा बोलला सांगू? शांत, हसून, लेकराले समजवल्यावानी. "मी कवा बोललो मावशी? माहे सारे भाषणं काढून आयका. मी म्हणलो, प्रयत्न करू. जीन चालू झालं, हे तं वाहिद बोलला. डोयानं पाह्यलं म्हणे. मी म्हणलो काय डोयानं पाह्यलं?"

अन् आमी साऱ्याजणी हापिसाच्या बाहीर आलो. कारण का ते खरं होतं.

मंग लोकाइचा राग कुठं जाईन? इंद्रजितभाऊच्या दारात पोलीस होता. वाहिदच्या दारात बकरी होती. गेले सारे तिकडंच. ज्या बायाइच्या मयतीले तो फुकट ओरडला त्याइच्याच लेकाइनं त्याच्या ॲटोचं सीट फाडलं. पोट्टे मांगं पयत, "डोयानं पाह्यलं! डोयानं पाह्यलं!" फुलचंद सेठनं दुकानातून आवाज देला, "काहून वाहिदभाई, माहा घाणा पाह्याले अकोल्याले येता काय आता?" सारा बजार हसला. अन् एका सकायी पाह्यलं तं दोन्ही भोंग्यात कोणीतरी कापूस कोंबला होता. ठासून, बोटानं निघे नाही असा. हुस्नाबी सुईनं काढत बसली. वाहिद म्हणे, "ऱ्हाऊ दे." तिनं काढलाच, पण त्यानं बटन दाबलं नाही.

उमेराचं नर्सचं राह्यलं ते राह्यलंच. आता ती दुकानात कपडे शिवते.

मी त्याले म्हणलं, "तुमाले इंद्रजितनं फसवलं, तुमी लोकाइले नाही फसवलं." तो म्हणे, "लोकाइनं इंद्रजितले कुठं मानलं होतं इंदुताई? त्याइनं मले मानलं."

आता शेवटचं. लिही, हात दुखला तं झटक.

पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक आली. इंद्रजितभाऊची बायको उभी झाली, लोही-बोरीकडून. एक दिवस मी बजारात पाटी लावून राह्यली होती, तं रस्त्यानं आवाज आला, "बंद जीन चालू झालंऽ, ज्याची ठेव तो मालकऽ, डोयानं पाह्यलं वाहिदनंऽ." मी वर पाह्यलं. वाहिद माह्या समोर उभा. तोंड बंद. अन् आवाज त्याचाच. माह्या हातातलं वांगं खाली पडलं. एक नवीन गाडी, तिच्यावर तो भरेल आवाज. खेड्यातल्या लोकाइले काय माईत, जीन गेलं का राह्यलं.

वाहिदचं तोंड मातीसारखं झालं. भोंग्याचं बटन दाबलं, ॲटोले किक मारली. मी म्हणलं, "थांबा, मीही येते." पाटी हुस्नाबीपाशी टाकली अन् बसली मांगं. मले काय समजे, पण त्याले एकट्याले कसं जाऊ देऊ?

गाडीच्या मांगं मांगं गेलो लोहीले. गाडी मारोतीच्या पारापाशी थांबली. तिच्यातून आवाज, "डोयानं पाह्यलं वाहिदनंऽ." वाहिदनं माइक उचलला, अन् इतक्या महिन्याचा बंद गया उघडला. "लोकहो, ते जीन भंगारात गेलं. तो आवाज माहा, पण ती गोष्ट खोटी. सांगणं वाहिदचं, आवाज वाहिदचाऽ."

पारावरचे लोक इकडं पाहत, तिकडं पाहत. दोन वाहिद! एक बुढा म्हणे, "बावा, यातला खरा कोणता?" एक पोट्टा म्हणे, "गाडीतला. गाडी नवी हाय." हसले सारे. गाडीवाल्या शामनं आवाज मोठा केला. वाहिदनंही केला. त्याचा आवाज त्याच्याच आवाजाखाली दबून गेला वं. त्याले आपलाच गया दाबता येईना.

मी उतरली. माइक त्याच्या हातातून घेतला. जनमात कवा धरला नव्हता, उलटा धरला तं वाहिदनं सिधा करून देला. म्या म्हणलं, "मी दारव्ह्याची इंदू, वांगेवाली. माहाही पैसा गेला. रिकामं जीन म्या पाह्यलं. मशीन कापतानी पाह्यली. डोयानं पाह्यलं म्या."

एक बाई जवय आली, तिनं इचारलं, "खरंच वं मावशी?" पण तितक्यात गाडी पुढच्या गावाले निघून गेली, अन् तिचा आवाज आमच्या पुढं पुढं. आमी बोरीपर्यंत गेलो. ॲटोतलं पेट्रोल सरलं तवा वापस आलो.

इंद्रजितभाऊची बायको निवडून आली. थोड्या मतानं आली म्हणे. लोहीतून तिले कमी पडले म्हणे. मी वाहिदभाईले ते सांगाले गेली, वाटलं खूश होइन. तो भोंगे उतरवून राह्यला होता. म्हणे, "कमी पडले, पण पडले ना. माह्याच आवाजानं पडले."

मंग वामनराव गेले. म्हैसवाले. घरच्याइनं मोबाइलवर साऱ्याइले कयवलं, वाहिदले कोणी बोलावलं नाही. तरी तो आला. दारात दोन घडी उभा राह्यला, पह्यलेसारखा. वामनरावाच्या तोंडाकडं नीट पाह्यलं. मले वाटलं आता ॲटोकडं जाईन, ओरडन. तो वळला, ॲटोकडं गेला, अन् माह्या दारातल्या भाजीच्या पाट्या उचलून मांगं ठेवल्या.

म्हणे, "चाला इंदुताई, बजाराची वेय झाली."

मी म्हणलं, "वाहिदभाई, वामनराव गेले, तुमी पाह्यलं ना?"

त्यानं किक मारली. म्हणे, "लोकाइले त्याइचं त्याइले पाहू द्या."